टाकीच्या तळाचं पाणी

वैशाखरे, दसरा
१२ ऑक्टोबर २०२४

चिरंजीव अनंता,

जिता रहा, आणि जिता असशील तर जरा आवाज दे. तुझी मोठी बहीण अजून मेली नाय, एवढं ध्यानात असू दे.

परवा टोकावड्याला गेले होते तेव्हा भिमीच्या दुकानातून तुला फोन लावला. उचललास. मी म्हटलं, अनंता, मी बाय बोलते. तर पलीकडून काय नाय. नुसती फूस फूस. मी तीनदा तुझं नाव घेतलं. भिमी बघतेय, दुकानातली गिऱ्हाईकं बघतायत, आणि तू फोन ठेवून दिलास! लाजेनं मी साखर न घेताच घरी आले. राखी पाठवली तिचीही पोच नाय. काय रे हा प्रकार? शहापुरात राहून बहिणीचा आवाज ओळखेनासा झालास?

म्हणून आता हा कागद. चौथी शिकलेली बाई लिहील तसं लिहितेय, समजून घे. हितं साहेबांच्या बंगलीवर रेंज नाय आणि माझ्याकडं फोनही नाय, ते तुला ठाऊक हाय.

भाऊबीज तीन तारखेला हाय, रविवारी. दर वर्साला येतोस तसा ये. डोक्याला तेल लावून घे, ओवाळून घे, जेव, आणि दुसऱ्या दिवशी बंगलीचं पाणी बंद करून जा. पावसाळ्यातले पाहुणे संपले. आता साहेब येतील ते एकतीस डिसेंबरला, तेही घर नीट बंद केलंय का बघायला. मग थेट पुढल्या पावसाळ्यात.

तुला माझी गत सांगायला नको, पण सांगते. नथू गेला त्या वर्साला पाणी कुणी बंदच केलं नाय. झऱ्यावरून येणारा काळा पाइप गवतात तसाच पडला आणि वणव्यात जळाला. तेव्हा साहेब काय म्हणाले ते तू कानांनी ऐकलंस. गुणाबाई, नवरा होता तोवर ठीक होतं, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस ठेवीन. दुसरा माणूस आला की मागची खोली त्याची. मला त्या खोलीबिगर छप्पर नाय. दिरांनी गावातलं घर कधीच वाटून घेतलं. दोन वर्सं तू येऊन पाणी बंद करतोस म्हणून मी हितं हाय.

तर ये. उकडीचे मोदक नाय, पण रताळ्याच्या घाऱ्या करीन.

जिला तू फोनवर ओळखत नायस ती,
बाय


शहापूर
१९ ऑक्टोबर २०२४

ती. बायस अनंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

शिव्या पोचल्या. दोनदा वाचल्या. राखीही पोचली आणि हातात बांधली.

फोनचं असं झालं की माझ्याकडून आवाज जात नाय. तुझं सगळं ऐकू आलं. "मी बाय बोलते" हे तर तू इतक्या मोठ्यानं म्हणालीस की फोन नसता तरी चाललं असतं. पण माझं तुझ्यापर्यंत गेलं नाय. आता दुरुस्त होईल असं दिसत नाय, म्हणून तू कागदच पाठव. मलाही लिहायची सवय लागलीय.

बाय, या भाऊबीजेला माझं येणं होत नाय. इथं एका सोसायटीच्या पाइपांचं काम अंगावर घेतलंय आणि गुडघाही बोलतोय. रागावू नको. पण पाणी बंद करायला माझी काय गरज हाय? तू बाई धडधाकट. तीस वर्सं त्या घरात वावरतेस. मी लिहून देतो, तसं कर.

साहेब म्हणतात ना, परदेशात थंडीनं पाइपातलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतो. आपल्याकडं गोठत बिठत काय नाय. आपल्याकडं वणवा आणि साळिंदर. रानातलं पाणी आटलं की साळिंदराला पाइपातलं पाणी ऐकू येतं आणि ते दातानं पाइप फोडतं. म्हणून पाइपात पाणी ठेवायचं नाय आणि गवतात पाइप ठेवायचा नाय, एवढीच सगळी अक्कल.

आधी वर झऱ्याच्या कुंडीवर जा. पाइपाचं तोंड कुंडीतून बाहेर काढ आणि कुंडीच्या भोकाला सागाची खुंटी मार, चिंधी गुंडाळून. मग खाली येऊन टाकीच्या तळाचं बूच पान्यानं उघड. डावीकडं फिरव. जोर लागेल, देवाचं नाव घे. टाकी रिकामी होईपर्यंत घरातले सगळे नळ उघडे ठेव, मोरीतला, न्हाणीतला, बेसिनचा. मग फळ्यांच्या जमिनीखाली वाकून जा. मोरीच्या बरोबर खाली एक प्लग हाय, तो सगळ्यात खोल. तो काढला की लोखंडी पाइपांत उरलेलं पाणी निघून जातं. नळ उघडेच ठेवायचे, बंद करायचे नाय.

काळा पाइप दुपारी गुंडाळ, डोक्यावर ऊन असताना. उन्हात तो मऊ होतो. सकाळी गुंडाळलास तर चिरेल. दोन्ही तोंडांना फडकं बांध, नायतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि पुढल्या वर्साला पाणी येत नाय. मोठी वेटोळी करून माळ्यावर टांग.

हे पत्र जपून ठेव. डब्यात ठेव, उंदरांपासून लांब. दर वर्साला लागेल.

तुझा धाकटा,
अनंता


वैशाखरे
२५ ऑक्टोबर २०२४

अनंता,

तुझी शाळा वाचली. मला नको शिकवूस.

सोसायटीचं काम! बहिणीपेक्षा सोसायटी मोठी! आणि गुडघा. मी तुला पाठीवर घेऊन धसईच्या शाळेत ओढ्यातून नेत होते तेव्हा माझे गुडघे बोलत नव्हते काय?

खरं काय ते मला ठाऊक हाय. तू रुसलायस. मागल्या भाऊबीजेला मी तुला सगळ्यांदेखत बोलले ते तुझ्या मनात हाय. तू जेवताना बडबडत होतास, एसटीतला कंडक्टर असा आणि पाणीपट्टीवाला तसा, घारी थंड झाली, मी म्हटलं, अरे तुझी ही टकळी एकदाची बंद पडू दे रे देवा! माझ्या तोंडात बसलेला शब्द तो. लहानपणापासून म्हणत आले. त्यावर वर्सभर फुगून बसतात काय?

आणि ऐक. तू म्हणतोस टाकी रिकामी कर, नळ उघडे टाक, घरात थेंब ठेवू नको. घरातलं पाणी ओतून भांडी उपडी कधी घालतात? मढं उचललं की. नथू गेला तेव्हा मी या हातांनी सगळे हंडे ओतले. तू आलास की तू हसत हसत करायचास, मी चुलीपाशी असायचे, मला ते बघायला लागायचं नाय. पण भाऊबीज तोंडावर, भाऊ आलेला नाय, आणि मी घर कोरडं करून बसू? माझा हात उचलायचा नाय. तू ये आणि तुझ्या हातानं कर.

बाय


शहापूर
३० ऑक्टोबर २०२४

ती. बाय,

तुझ्या गळ्याची शपथ, रुसलो नाय. टकळीचं तर मला आठवतही नव्हतं. उलट तू लिहिल्यावर हसू आलं. आता खरंच कमी बोलतो. आपली सून माधुरी म्हणते, बाबा शहाणे झाले.

पण येऊ शकत नाय. बाय, एवढ्या एका गोष्टीला का म्हणून विचारू नको.

मढ्याच्या घरासारखं म्हणतेस, तर एक राहिलेलं सांगतो. सगळं कोरडं करायचं असलं तरी मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ठेवायचंच असतं. आतल्या वाकड्या नळीत ते पाणी राहिलं नाय तर गटारातून झुरळं घरात येतात. आणि ते पाणी उन्हाळ्यात उडून जाऊ नये म्हणून वर दोन चमचे खोबरेल सोडायचं. तेलाखाली पाणी पावसाळ्यापर्यंत जसंच्या तसं राहतं. म्हणजे घर अगदी कोरडं कधी होतच नाय. आता तरी मन घट्ट कर.

तुझा शेजारी महिपत शहापुरात तहसिलीत आला होता. माधुरीनं त्याला स्टँडवर गाठून एक पिशवी दिलीय. त्यात तुझी भाऊबीजेची साडी हाय आणि तिच्यात गुंडाळलेला माझा पाना हाय. मोठा, लाकडी मुठीचा. तीस वर्सं वापरलाय, हाताला बसेल. टाकीचं बूच दुसऱ्या पान्यानं निघायचं नाय.

थांबू नको. महिपत मळ्याकडचं गवत दिवाळीनंतर जाळायला घेईल.

अनंता


वैशाखरे
५ नोव्हेंबर २०२४

अनंता,

साडी मिळाली. रंग बरा हाय. पाना मिळाला. पाना कशाला पाठवलास? माणूस हत्यार पाठवतो म्हंजे आता येणंच बंद, असंच ना?

रविवारी ताट करून ओट्यावर बसले होते. रताळ्याच्या घाऱ्या केल्या होत्या. तुझ्या डोक्याला लावायला खोबरेलाची बाटली आणली होती, ती तशीच हाय. संध्याकाळी भिमी आली. म्हणाली, गुणाबाय, भाऊ आला नाय तर चंद्राला ओवाळ, बघ कसा बारीक निघालाय. मी तिला म्हटलं, चंद्राला ओवाळतात जिला भाऊ नाय ती. मला हाय. शहापुरात हाय, सोसायटीचे पाइप जोडतोय. ताट तसंच झाकून ठेवलं. घाऱ्या महिपतच्या पोरींनी खाल्ल्या.

पाणी बंद केलं. सगळं तू सांगितलंस तसं. काळजी नसावी.

बाय


शहापूर
१४ नोव्हेंबर २०२४

ती. बाय,

पाणी बंद केलंस वाचून जीव भांड्यात पडला. माधुरीला सांगितलं, माझी बहीण मिस्त्री झाली.

पण एक सांग. टाकीचं बूच काढल्यावर तळाचं पाणी कसल्या रंगाचं निघालं? आणि पाइपाची वेटोळी किती झाली? ज्यानं काम केलं त्याला हे विसरता येत नाय. तू दोन ओळींत काम संपवलंस. तू साखर विसरलीस तर पानभर लिहितेस.

बाय, खोटं बोलली असशील तर आता तरी खरं कर. माझ्यासाठी कर. तुझ्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये एवढंच सध्या माझ्या डोक्यात हाय, दुसरं काय नाय.

अनंता


वैशाखरे
२ डिसेंबर २०२४

बाबा अनंता,

मी खोटं बोलले. थोबाडीत मार मला.

मी टाकीला हात लावला नव्हता. बुचाला पाना लावला एकदा, आणि नथूचे हंडे आठवले, आणि तू आठवलास, आणि पाना परत साडीत गुंडाळून ठेवला. म्हटलं, आज नाय तर उद्या येईल, रुसवा किती दिवस टिकणार. तुझं पत्र आलं ते वाचून डब्यात टाकलं, उत्तर लिहिलं नाय.

मग मी धसईला गेले भात झोडायला. पाच दिवस. परत येऊन बघते तर बंगलीखाली चिखल! साळिंदरानं बंगलीच्या वरच्या बाजूला पाइप दोन ठिकाणी फोडलाय, दात दिसतायत. आणि झऱ्याचं पाणी पाच दिवस सारखं येऊन फळ्यांखाली मुरलंय. मोरीकडचा खांब दोन बोटं खचला. आत गेलं की जमीन उतरती लागते, वाटी ठेवली तर घरंगळते. महिपतनं धावत जाऊन कुंडीचं भोक चिंध्यांनी दाबलं. टाकी मात्र अजून भरलेलीच हाय. तिला मी शिवणार नाय.

साहेब एकतीसला येतायत. दारातून पाऊल टाकलं की त्यांना कळणार. मग मी कुठं जाऊ? या वयात कुणाच्या पडवीत बोचकं ठेवू?

अनंता, मी हात जोडते. झालं गेलं सोड. टकळी म्हटलं ते मी गिळते. ये एकदा. नायतर फोन तरी उचल आणि पोटभर शिव्या दे. मी भिमीच्या दुकानात शुक्रवारी सकाळी दहाला उभी राहीन. काय तरी बोल रे.

बाय


शहापूर
७ डिसेंबर २०२४

ती. आत्यांस माधुरीचा नमस्कार.

काल शुक्रवारी दहा वाजता फोन वाजला तेव्हा बाबांनी मला तो कानाशी धरायला लावला. तुम्ही रडत होतात ते आम्ही दोघांनी ऐकलं. मी बोलणार होते, पण त्यांनी माझा हात धरला. आज मात्र मी त्यांचं ऐकणार नाही. त्यांनी घातलेली शपथ मोडते. पाप लागलं तर मला लागू दे.

आत्या, बाबांना बोलता येत नाही. श्रावणात मुंबईला त्यांचं ऑपरेशन झालं. तंबाखूनं घशात गाठ झाली होती, स्वरपेटी काढावी लागली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. तुम्ही दसऱ्याच्या सुमाराला फोन केलात तो त्यांनी स्वतः उचलला होता, फक्त तुमचा आवाज ऐकायला. सोसायटीचं काम वगैरे काही नाही. दिवाळीच्या आधी कळलं की गाठ पुढे पसरली आहे. आता डॉक्टर घरीच ठेवा म्हणतात. आमच्या मनस्वीच्या शाळेच्या पाटीवर लिहून बोलतात, तेही आता दोन-तीन शब्द. तुमची पत्रं मात्र बसून वाचायचे आणि उत्तर लिहायला दोन दोन दिवस घ्यायचे.

तुम्हाला का सांगितलं नाही, हे मी शंभरदा विचारलं. त्यांनी लिहिलं, तिनं मला म्हटलं होतं टकळी बंद पडू दे. तिला कळलं तर ती स्वतःला मारून घेईल.

तुमचं पत्र वाचून त्यांनी बॅग मागितली. उठून बसले आणि तसेच आडवे झाले. मग ही चिठ्ठी लिहिली. तीन दिवस लागतील असं वाटलं, म्हणून मी म्हटलं मी लिहिते, तुम्ही खुणेनं सांगा, तर नाही. त्यांच्याच हातची आहे. अक्षर हललंय.

तुमची,
माधुरी

(सोबतची चिठ्ठी)

बाय, फुटलेला भाग कापून टाक. टोकं उकळत्या पाण्यात बुडव, मऊ झाली की मधे जोडणी घाल. महिपतला सांग, खांब लांब लाकडी बल्लीनं उचल, खाली सपाट दगड सार. मग टाकी. आधी पाणी काढ, मग मला बघायला ये. मी हाय. तुझ्या बोलण्यानं काय झालं नाय. तंबाखूनं झालं. अनंता.


वैशाखरे
३ जानेवारी २०२५

चि. माधुरीस गुणाआत्याचे अनेक आशीर्वाद.

मी नीट पोचले गो. तू बाराव्यानंतर चार दिवस राहा म्हणत होतीस, पण साहेब यायचे होते. माझ्या भाच्याला, संदेशला सांग, त्यानं गाडीत ज्या बाईशेजारी बसवून दिलं तिनं मला मुरबाडपर्यंत खिडकी दिली.

आधी कामाचं सांगते, मग जे सांगायला कागद घेतला ते.

आल्या आल्या मी तुझ्या सासऱ्याची सगळी पत्रं डब्यातून काढली आणि मोरीच्या ओट्यावर तारखेनं मांडली. महिपतनं आणि त्याच्या भावानं बल्ली लावून खांब उचलला, मी पोटावर झोपून दगड सारला. वाटी आता घरंगळत नाय. पाइपाची टोकं मी उकळत्या पाण्यात बुडवली, बोटं भाजली, पण जोडणी बसली. दुपारी उन्हात पाइप गुंडाळला. अकरा वेटोळी झाली. तोंडांना फडकी बांधली. मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि वर तेल सोडलं. तेल भाऊबीजेचंच होतं, त्याच्या डोक्याला लावायला आणलेलं. तुमच्याकडं आले तेव्हा घाईत बाटली हितंच राहिली होती.

एकतीसला साहेब आले. खाली वाकून बघितलं, जमिनीवर पाय आपटून बघितला, सगळे नळ फिरवून बघितले. म्हणाले, गुणाबाई, काम फार नीट झालंय, कुणी केलं? मी म्हटलं, माझ्या भावानं. म्हणाले, पुढच्या वर्षीही त्यालाच बोलवा. मी हो म्हटलं. खोली राहिली गो. दुसरा माणूस येत नाय.

आता ते दुसरं.

तुझं पत्र मला मंगळवारी मिळालं. त्यानं लिहिलं होतं, आधी पाणी काढ, मग ये. मी चिठ्ठी कमरेला खोचली आणि दुपारच्या गाडीनं निघाले. पाणी नाय काढलं. भाऊ असा पडलाय हे कळल्यावर घरातलं पाणी ओतून मी उंबरा ओलांडू? माझ्यानं झालं नसतं. त्याचं ऐकायचं सोडून मी माझ्या मनाचं ऐकलं.

मी आले तेव्हा तू तिथंच होतीस. गाडीत बसला की मुरबाड येईपर्यंत अख्ख्या एसटीशी ओळख काढणारा माझा अनंता, तो खाटेवर नुसता बघत होता. मी पाया पडू देईना म्हणून त्यानं माझा हातच डोक्याला लावला. आणि पाटी ओढली. मला वाटलं, आलीस का म्हणेल, कशी हायस म्हणेल. त्यानं लिहिलं, पाणी?

मी म्हटलं, काढलं रे. सगळं काढलं.

त्यानं पुसलं आणि लिहिलं, रंग?

रंग मी बघितलाच नव्हता. पण मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं, नाय काढलं म्हणून? टाकी लोखंडाची, तिला गंज असणारच. मी म्हटलं, पहिलं तांबडं निघालं, गंजाचं. मग हळूहळू नितळ झालं. तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग हसला. तू म्हणालीस ना, बाबा किती दिवसांनी हसले. आणि पाटीवर लिहिलं, शाबास.

मग चार दिवस मीच बडबडले. सकाळपासून दिवे लागेपर्यंत माझीच टकळी. ओढ्यातलं, शाळेतलं, नथूचं, साळिंदराचं. तो ऐकायचा. मी थांबले की बोटानं खूण करायचा, बोल. मार्गशीर्षात भाऊबीज ओवाळली मी त्याला, तुझ्या निरांजनानं. शनिवारी गेला. माझ्या मनात एवढंच समाधान होतं की मी खोटं बोलले पण पचलं, माझी काळजी न करता गेला.

तीस तारखेला टाकीचं बूच काढलं. त्याच्या पान्यानंच निघालं. दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा सुटलं. आणि पाणी आलं, माधुरी, ते काळं. तांबडं नाय गो, काळं. दौतीतल्या शाईसारखं. बादलीभर, दोन बादल्या, घागरभर, काळंच काळं. माझ्या हातांना, साडीला, पायांना. धुतलं तरी जात नाय, हे लिहितानाही नखांत हाय. एक थेंब तांबडा नाय.

वर बघितलं तर टाकीवर हिरड्याचं झाड. अख्खा पावसाळा हिरडे टाकीत पडतात, लोखंडात कुजतात, आणि पाणी असं होतं. नथूला हे ठाऊक असणार. अनंतानं दोन वर्सं स्वतः बूच काढलंय, त्याच्या अंगावर हेच पाणी उडालं असणार. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या शर्टाला काळे डाग असायचे, मी त्यावरही त्याला बोलायचे, की कपडे बघ कसे केलेस. तरी मला सुचलं नाय.

त्याला कळलं होतं गो. मी तांबडं म्हणाले तेव्हाच कळलं होतं की टाकी भरलेलीच हाय आणि मी खोटं बोलतेय. पहिलं खोटं त्यानं पत्रातून पकडलं आणि मला झापलं. हे दुसरं त्यानं पकडलं आणि हसला. आणि शाबास लिहिलं.

मी तिथंच टाकीखाली त्या काळ्या चिखलात बसले आणि रडले. बाराव्यापर्यंत एवढी रडले नव्हते. महिपत आला, म्हणाला काय झालं, पाना लागला काय? मी म्हटलं, हो, लागला.

पाणी शेवटी नितळ झालं. सगळे नळ उघडे ठेवलेत, त्यानं सांगितलं तसे.

एक मागायचं होतं. मनस्वीची पाटी. तिला शाळेला लागत असेल, आणि शाबासनंतर त्यानं त्याच पाटीवर बरंच काय काय लिहिलं, पाणी दे, खिडकी उघड, ते मला ठाऊक हाय. तो शब्द कधीच पुसला गेला असेल. तरी ती पाटी मला पाठव. तिच्यासाठी नवी घे.

तुझी आत्या,
गुणाबाय